वानखडेबाईंचं वशीकरण

आमच्या तालुक्यातले निवृत्त शिक्षक मिळून वर्षाला एक अंक काढतात. त्यात आठवणीतल्या माणसांवर लिहायचं एक सदर असतं आणि ते बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं. आजवर मी हेडमास्तरांवर लिहिलं, शाळेच्या शिपायावर लिहिलं, एकदा तर विषयच सुचेना म्हणून केंद्रप्रमुखांच्या फटफटीवर लिहिलं. दर वेळी लेख पाकिटात घालताना मला ठाऊक असायचं, की ज्या माणसावर लिहायला हवं ते हे नाही. वानखडेबाईंवर लिहायचं मी टाळत होतो. आजारपणाची सबब होती, डोळ्यांची होती, आणि कुणी विचारतच नव्हतं ही सगळ्यांत मोठी सबब होती.

यंदा टाळता आलं नाही. गेल्या महिन्यात मी टपरीवर चहा घेत होतो. कंपनीत कामाला आलेली दोन माणसं खोलीची चौकशी करत होती. टपरीवाला त्यांना म्हणाला, "गुरुजींच्या माडीवरची खोली मोकळीच हाय की. पर आदी सांगून ठिवतो, तितं एक बाई ऱ्हायची. वशीकरन करायची. आवं, खोटं न्हाई, ह्या गुरुजींनीच तिची वही समद्यांम्होरं वाचून दावली व्हती. इचारा त्यान्ला."

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही सांगता येणार नाही. चहा तसाच ठेवून मी घरी आलो आणि लिहायला बसलो.

वैशाली वानखडे मूळच्या अमरावतीच्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी, लग्न केलेलं नव्हतं. आमची वाडी भरे गावाच्या अलीकडे, हिंजवडीपासून तशी आडबाजूला. एवढ्या लांब खोली का घेता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाल्या, "तिकडं खिडकी उघडली की दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसते जी. त्यांची भाजी जळली की मीच घाबरते. मले डोंगर पाहिजे."

त्यांचं कंपनीतलं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम कुठे मोडतं ते शोधायचं. ही सवय त्या घरीही घेऊन यायच्या. खोली बघायला आल्या तेव्हा नळ पूर्ण सोडून पाहिला, कडी दहा वेळा लावली आणि काढली, मग जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून उड्या मारल्या.

"हा जिना कुठपर्यंत वजन घेते?"

"तुमच्यापुरतं घेतो, बाई."

"माझं नाही, पुस्तकांचं विचारून राहिली मी."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चौदा खोकी उतरली तेव्हा मला प्रश्न कळला.

'कुठपर्यंत?' हा त्यांचा शब्द. वायरमनला, दूधवाल्याला, माझ्या बायकोला, सगळ्यांना तो ऐकावा लागायचा. बायको म्हणाली, "पोटभर जेवा हां, बाई," की यांचं ठरलेलं, "कुठपर्यंत ते सांगा, मग बसते." कुणाकडेही गेल्या तरी खुर्ची आधी दोन्ही हातांनी हलवून बघायच्या. एका लग्नात त्यांनी व्याह्यांसाठी मांडलेली खुर्ची अशी हलवून पाहिली आणि तिचा पाय निघून हातात आला. व्याही वाचले. पण मांडववाला वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

देवळाला नवा कर्णा आला तेव्हाची गोष्ट. सगळे आवाजाचं कौतुक करत होते. बाई म्हणाल्या, "छान आहे, पण कुठपर्यंत जाते?" आणि चपला घालून शेतातून चालायला लागल्या. पाऊण तासाने घामाघूम होऊन परतल्या. "स्मशानाच्या पलीकडे जाते जी. मेलेल्यांनाही झोपू देत नाही तुम्ही." पुजारी सोडून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर आला. भांडण न करता त्यांना अशी कामं साधायची.

दुसरा शब्द 'थांबा जी'. काही अवघड विचारलं की टेबलावर बोटांनी तीनदा टकटक करायच्या, 'थांबा जी' म्हणायच्या आणि खरोखरच थांबायच्या. एवढा वेळ, की समोरच्याला वाटावं, या आपल्याला विसरल्या. उत्तर यायचं, किंवा कधी यायचंच नाही.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे ऑफिसातले दोघे जण यायचे आणि त्यांचा एक खेळ चालायचा. खोलीत उकडायचं, म्हणून मीच त्यांना खाली ओट्यावर बोलावलं आणि माझं जुनं टेबल काढून दिलं. खेळ माझ्या भाषेत सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी शिपाई, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. गोष्ट सांगणारा म्हणतो, पुढचा पूल तुटलाय, काय करता? ज्याने त्याने ठरवायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा टाकून बघायचं. हार नाही, जीत नाही. गोष्ट सांगायच्या बाई. मी आधी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकायचो. एका रविवारी वर्तमानपत्र उलटं धरलेलं त्यांनी पाहिलं आणि मला टेबलाशी बसवलं.

मी चोर झालो. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्या माणसाला चोर व्हायची हौस का आली, देव जाणे. माझ्या चोराचं नाव खंडू. तो कुलपं उघडायचा, भिंती चढायचा. मला तेव्हा जिना चढतानाही गुडघे धरावे लागत होते.

नियमांची पुस्तकं सगळी इंग्रजी. बाईंना खेळ मराठीत आणायचा होता, पण त्यांचं मराठी अक्षर म्हणजे पानावरून चाललेल्या मुंग्या. तेव्हा त्या सांगणार आणि मी लिहिणार असं ठरलं. दोनशे पानी वही आणली. नियमाचं नाव लाल शाईने, मजकूर निळ्या शाईने. निवृत्तीनंतर एवढा आनंद मला दुसऱ्या कशानेही झाला नव्हता.

एक दिवस म्हणाल्या, "गुरुजी, एक शब्द पाहिजे. मंत्र टाकला की समोरचा आपलं ऐकते, असा मंत्र. मी भुरळ म्हणून राहिली."

"भुरळ फार हलकं झालं. भुरळ जत्रेतल्या बांगड्यांची पडते."

"मग?"

"वशीकरण."

बाईंनी तोंड वाकडं केलं. "नको जी. तो शब्द खांबाखांबावर चिकटवलेला असते. फोन नंबरासकट."

"त्यात शब्दाचा काय दोष? चांगला संस्कृत शब्द आहे. जे वश नाही ते वश करणं. व्याकरणात याला च्वि म्हणतात."

"आणि हा शब्द कुठपर्यंत चालेल?"

"जिथपर्यंत मराठी चालते तिथपर्यंत," मी म्हणालो. मला माझं हे उत्तर इतकं आवडलं, की लगेच टोपण काढून लाल शाईने ते नाव लिहूनच टाकलं. हे नीट सांगायला हवं. तो शब्द बाईंचा नव्हता, माझा होता. त्या नको म्हणत होत्या.

वशीकरणाचा नियम दोन ओळींचा झाला. मी वही मिटायला लागलो तशी बाईंनी हात मध्ये घातला.

"मंत्र तेवढाच असते, गुरुजी. खेळ पुढे आहे. याच्या मर्यादा लिहा. मर्यादा नसल्या तर एकाच माणसाचा खेळ होते आणि बाकीचे बाहुले."

मग त्यांनी चार मर्यादा सांगितल्या. पहिली, जे माणसाच्या स्वभावातच नाही ते कोणताही मंत्र त्याच्याकडून करवून घेऊ शकत नाही. दुसरी, स्वतःच्या जिवाला अपाय करायला लावता येत नाही. तिसरी, मंत्र उतरल्यावर माणसाला सगळं आठवतं आणि मंत्र कुणी टाकला होता तेही कळतं. चौथी त्यांनी दोनदा सांगितली. ज्याच्या पात्रावर मंत्र टाकायचा त्या खेळाडूला आधी विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर मंत्र पडत नाही. फासासुद्धा टाकायचा नाही.

चौथीवर मी हरकत घेतली. "विचारून कुणी वशीकरण करतं का?"

तेव्हा त्यांनी एका हॉस्टेलातली गोष्ट सांगितली. तिथे असाच खेळ चालायचा. एका मुलाच्या मांत्रिकाने एका मुलीच्या पात्राला वश केलं आणि दिवसभर त्याला हवं तसं नाचवलं. सगळे हसत होते, मुलगीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलावर आली नाही.

"ती मुलगी म्हणजे तुम्हीच का, बाई?"

तीनदा टकटक झाली. "थांबा जी," म्हणाल्या. ते उत्तर अजून यायचं आहे.

पुढे एकदा शत्रूच्या मांत्रिकाने माझ्या खंडूवर मंत्र टाकायचं ठरवलं. बाईंनी विचारलं, मी हो म्हणालो. हुकूम आला, रात्री किल्ल्याचा दिंडी दरवाजा उघड आणि सोबत्यांना पकडून दे. मी पहिल्या मर्यादेवर बोट ठेवलं. म्हणालो, खंडू चोर आहे, खोटं बोलतो, कुलपं फोडतो, पण ज्यांच्या ताटात जेवला त्यांना दगा देणं त्याच्या स्वभावात नाही. बाई बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मंत्र मोडला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जेवताना मी बायकोलाही सांगितलं, की माझ्या खंडूने दगा दिला नाही. ती म्हणाली, "बरं झालं. भाकरी घेता का आजून?"

सायली या खेळात कशी आली ते आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. सायली माझ्या धाकट्या भावाची, नामदेवची मुलगी. वय बावीस, पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. गुणी पोर. तिच्या तोंडात एकच शब्द, 'चालंल'. चहा घेतेस? चालंल. ही ओढणी घे, ती थोरलीला दे. चालंल. आमच्या घरात पोरीच्या या शब्दाचं फार कौतुक होतं. बाईंनी तो ऐकला आणि विचारलं, "कुठपर्यंत चालेल गं?" सायली नुसती हसली. दुसऱ्या रविवारी ती आपण होऊन टेबलाशी येऊन बसली आणि हिरा नावाची तिरंदाज झाली. नामदेवने मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझ्या ओट्यावर आहे, माझ्या नजरेखाली आहे, काळजी करू नको.

एक दिवस गोष्टीतल्या राणीला हिरावर वशीकरण टाकायचं होतं. बाईंनी गोष्ट थांबवली. "सायली, टाकू का?"

"चालंल."

"चालंल हे उत्तर नाही. हो की नाही ते सांग."

"मला कशाला इचारता, ताई? राणी काय इचारून टाकती व्हय?"

"राणी नाही विचारत. मी विचारून राहिली."

सायली खाली बघत बसली. बाईंच्या ऑफिसातला एक जण काहीतरी बोलायला गेला, त्याला बाईंनी हातानेच गप्प केलं. बऱ्याच वेळाने सायली हळूच म्हणाली, "न्हाई." मग मान वर करून मोठ्याने, "न्हाई. माजं मन न्हाई द्यायचं मला."

"मंत्र पडला नाही," बाई म्हणाल्या आणि गोष्ट पुढे सुरू झाली, जणू काही झालंच नाही. सायली मात्र दिवसभर स्वतःशीच हसत होती. फाटकाबाहेर पडतानाही हसत होती.

पंधरा-वीस दिवसांनी तिची सुपारी होती. मुलगा पौडच्या बाजूचा, नात्यातला. बघायचा कार्यक्रम झाला होता आणि सायली 'चालंल' म्हणाली होती. सुपारी फोडण्याआधी वडीलधारं कुणीतरी मुलीला विचारतं, पोरी, पसंत आहे ना? हा प्रश्न आमच्याकडे विचारतात, पण तो उत्तरासाठी नसतो. मुलीने मान खाली घातली की झालं. मुलाच्या मामांनी विचारलं आणि सायली म्हणाली, "न्हाई."

मामांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "न्हाई. मी आदी व्हय म्हनले न्हवते. चालंल म्हनले व्हते."

मी तिथेच बसलो होतो. त्या क्षणी त्या मांडवात तिचं ते 'न्हाई' कुठून आलं हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती. एक ती आणि दुसरा मी.

गोंधळ झाला. तिला आतल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावली. मामा म्हणाले, "पोर सोताच्या बुद्दीनं बोलत न्हाई. डोळं बगितलं का तिचं? कोनीतरी कायतरी केलंय." मग कुणीतरी रविवारच्या टेबलाचं नाव काढलं. नामदेवची बायको तडक माझ्या घरी गेली, माडीवर चढली आणि वही घेऊन आली. तिच्या मागोमाग बाईही आल्या, अनवाणी. त्या पायरीशी उभ्या राहिल्या. वर या असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

वहीत बाईंनी काढलेली राक्षसांची चित्रं होती. ती हातोहात फिरली. मग लाल शाईतलं ते नाव कुणाच्या तरी नजरेस पडलं आणि वही फिरायची थांबली.

नामदेवने वही माझ्या हातात दिली. "तात्या, तुमी वाचा. तुमच्यावानी वाचनारं हितं कोन हाय?"

माझं अक्षर पस्तीस वर्षं या गावाच्या फळ्यावर होतं. तिथल्या निम्म्या लोकांनी ते गिरवलेलं होतं, त्यांची स्वतःची अक्षरं माझ्याच वळणाची होती. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, गुरुजी, हे तर तुमचंच. कुणी म्हणालं नाही.

मी चष्मा लावला आणि वाचलं. "वशीकरण. या मंत्राने दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवता येतो. ज्याच्यावर मंत्र पडेल तो मंत्र टाकणाऱ्यास आपला जिवलग मानील व त्याची आज्ञा पाळील."

बायकांमधून आवाज उठला. आतून सायली दार वाजवत होती. "तात्या, फुडचं वाचा! बाबा, तात्यांना समदं म्हाईत हाय, त्ये बी खेळत्यात, त्यान्ला इचारा!"

"बगा," मामा म्हणाले, "कोन बोलतंय तिच्या तोंडून."

नामदेव माझ्याकडे बघत होता. "तात्या?"

"मी आपला ओट्यावर बसायचो," मी म्हणालो. "त्यांचं काय चालायचं ते मला कळायचं नाही."

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. अगदी साध्या आवाजात. "पुढे वाचा जी, गुरुजी."

मी पानाकडे पाहिलं. चार मर्यादा होत्या, आकडे घालून, एकाखाली एक. मी म्हणालो, "पुढे काही नाही. एवढंच आहे."

का म्हणालो? माणसं भोळेपणाने विचारतील म्हणून सांगतो, तेव्हा माझ्या मनात फार मोठं काही नव्हतं. चौथी मर्यादा वाचली असती तर ती समजावून सांगावी लागली असती. समजावली असती तर लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? मग टेबल, फासे, खंडू चोर, सगळं बाहेर आलं असतं. सत्तरी ओलांडलेले गुरुजी बायापोरांत बसून चोर-चोर खेळतात, आणि भावाला शब्द देऊन त्यांनीच पोरीला नाही म्हणायला शिकवलं. एवढीच भीती होती. तिच्यापायी मी पान मिटलं.

बाईंनी हात पुढे केला नाही. वही मागितली नाही. हे अक्षर यांचं आहे, एवढं त्या म्हणाल्या असत्या तर मी तिथेच संपलो असतो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, टेबलाशी थांबायच्या तशाच. मग खालच्या आवाजात "बरं," म्हणाल्या आणि वळल्या. नामदेवच्या बायकोने वही परसात नेऊन बंबात घातली. वही जळते आहे हे पाहून मला बरं वाटलं होतं. तेही इथे लिहून ठेवतो.

घरी आलो तेव्हा बायको चहा ओतत होती. मांडवात ती माझ्या मागेच बसली होती. कप पुढे सरकवत म्हणाली, "'श'चं पोट तुमी आजूनबी तसंच काढता." एवढंच. पुढे दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

बाईंवर हात कुणी टाकला नाही, पण दूधवाला यायचा बंद झाला. पोरं त्यांना बघून रस्ता बदलायला लागली. आठवड्याच्या आत टेम्पो आला आणि चौदा खोकी जिना उतरून त्यात गेली. त्या वेळी मी मागच्या दारी वैरण रचत होतो. रचलेली वैरण पुन्हा पाडून रचत होतो. किल्ली बायकोने घेतली. ती सांगत आली, "बाई म्हनल्या, जिन्याची तिसरी पायरी हालती, गुरुजींना म्हनावं जपून."

सायलीवर देवऋषी आणून उतारा केला. त्या महिन्यात ती आणखी दोन वेळा नाही म्हणाली. दोन्ही वेळा तिला सांगण्यात आलं, की हे तुझं नाही, त्या बाईचं आहे. ती चौथी मर्यादा मी वाचली असती तर तिच्या उपयोगी पडली असती, तिच्या एकटीच्या तोंडून ती कुणी ऐकणार नव्हतं. लग्न त्याच मुलाशी झालं. पाठवणीच्या वेळी ती माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हणालो, "सुखी राहा, पोरी."

"चालंल, तात्या," ती म्हणाली.

लोक म्हणतात, उतारा लागू पडला. माझ्याही मनात कधीकधी येतं, की त्या दिवशी माझ्यावरच कुणी काही टाकलं असेल. भीतीने माणूस असा होतो, दहा जणांसमोर जीभ अशी वळते, मी मी नव्हतो. पण पहिली मर्यादा मीच लिहिलेली आहे. जे स्वभावात नाही ते कुणी करवून घेऊ शकत नाही. खंडूला दगा देता आला नाही. मला आला, आणि माझ्यावर कुणी मंत्रसुद्धा टाकलेला नव्हता.

बाई आता इकडे नाहीत. आई आजारी पडली म्हणून नोकरी सोडून अमरावतीला गेल्या, असं रविवारी खेळायला येणाऱ्या त्या दोघांपैकी एक जण एकदा पिरंगुटला भेटला तेव्हा म्हणाला. माझ्याजवळचा नंबर लागत नाही. नवा मी त्याच्याकडे मागितला नाही.

त्याआधी त्या मला एकदाच दिसल्या. डोळे तपासायला मी हिंजवडीला निघालो होतो. मधल्या चौकात बस अडकली, नेहमीसारखी. चारी बाजूंनी गाड्या. माझ्या खिडकीखाली कंपनीची एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिची काच खाली झाली.

"गुरुजी! कुठं निघाले जी?"

केस बरेच पांढरे झाले होते. हसणं तेच.

"डोळे दाखवायला, बाई."

"कुठपर्यंत दिसते?"

बसमधले दोघे-चौघे हसले. मीही हसलो. म्हणालो, "लांबचं दिसतं. वाचायचं तेवढं दिसत नाही."

बोलून गेलो आणि मग कळलं, काय बोललो ते. त्यांनाही कळलं. त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग विचारलं, "सायली?"

"बरी आहे. मुलगा झाला."

"नाही म्हणते का कधी?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. गुडघ्यांचं सांगितलं. कासारसाईच्या धरणात यंदा पाणी चांगलं आहे म्हणालो. बायको तुमची आठवण काढते म्हणालो, आणि तेवढं मात्र खरं होतं. त्या सगळ्याला हो जी, हो जी म्हणत होत्या. वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. बस जागची हलत नव्हती. मागच्या बाकावरच्या माणसाने वैतागून सांगितलं, की वीस मिनिटं झाली. वीस मिनिटं त्या काच खाली करून, उन्हात, मान वर करून बसल्या होत्या. गाडीवाला एसी चालू आहे म्हणून काच लावायला सांगत होता. "थांबा जी," त्या त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी वांग्यांच्या भावाबद्दल बोललो.

मग त्यांची रांग सुटली. गाडी हलताना त्यांनी हात वर केला. काच वर जाताना दिसली. जे वाक्य मी इतके दिवस वैरण रचताना, गुरांना पाणी पाजताना, अंथरुणात पडल्या पडल्या पाठ केलं होतं, ते तोंडात तयार होतं आणि तोंडातच राहिलं. ते फार लांब नव्हतं. बाई, पान तिथे संपत नव्हतं. खाली चार ओळी होत्या, माझ्याच हातच्या, आणि मला त्या स्वच्छ दिसत होत्या. माझं चुकलं.